आशीर्वादाचा हात

केदारी उपदेशकाचं नाव कुणी माझ्यासमोर आदरानं घेतलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आता तो म्हातारा झालाय, लोंढ्याकडं कुठंतरी राहतो आणि लोक अजून त्याच्याकडून डोक्यावर हात ठेवून घ्यायला जातात. जाईनात का. पण परवा एक बाई माझ्याच अंगणात बसून मला त्याची साक्ष सांगू लागली. निपाणीकडच्या एका गावात मष्णू नावाचा एक माणूस होता म्हणे, विश्वासाचा मोठा पक्का, पण त्याच्या घरातल्या बायकांचा विश्वास डळमळला आणि म्हणून तो मरीच्या साथीत गेला. केदारी अजून हे भर सभेत सांगतो.

त्या बायकांपैकी एक मी. मष्णू माझा धाकटा भाऊ. त्या बाईला मी चहा दिला नाही, ही गोष्ट ऐकवली.

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडं. पूर्वी गावच्या मरीआईचा गाडा ओढायचं आणि तिच्यापुढं हलगी वाजवायचं काम आमच्या लोकांचं होतं. गावात रोगराई आली की देवीला वेशीबाहेर न्यायची आम्ही, आणि एरवी तिच्या देवळाची पायरी चढायची नाही, तीही आम्हीच. आमच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी हलगी खुंटीला अडकवली, ती पुन्हा उतरवली नाही. पाटलाच्या माणसांनी त्यांना त्यापायी मारलंसुद्धा. वडिलांच्या मागोमाग वस्तीतली आणखी घरं आली आणि मिशननं आम्हाला एक कौलारू खोली बांधून दिली. आठवडाभर ती शाळा, रविवारी देऊळ.

शाळेचे आणि देवळाचेही मास्तर एकच, आण्णाप्पा मास्तर. माणूस नाकात बोलायचा, तपकीर ओढायचा आणि उपदेशाच्या ऐन मध्यात शिंकायचा. पाटलाला भ्यायचा, बेळगावच्या साहेबाला भ्यायचा, ढग गडगडले तर शाळा सोडून द्यायचा. त्याचा उपदेश सुरू झाला की बायका पदराआड जांभया द्यायच्या, मीही दिल्यात. पण कुणाचं पोर आजारी पडलं तर मास्तर रोज दारात यायचा. येऊन करायचा काहीच नाही. नुसता बसायचा, तपकीर ओढायचा आणि उठून जायचा.

अशात केदारी आला. तो आधी रेल्वेत होता. देवानं मला इंजिनावरून खाली बोलावलं, असं तो सांगायचा. उंच, पांढरा स्वच्छ सदरा, आवाज असा की ओढ्यापलीकडं गावात ऐकू जावा. मी मिशनचा पगार खात नाही, हे त्याचं पहिलं वाक्य असायचं. पगार खात नव्हता हे खरं, पण वस्तीतल्या कोंबड्या त्या वर्षी फार कमी झाल्या. प्रार्थनेच्या शेवटी तो दोन्ही हात डोक्याच्या वर, पार कौलाला लागतील असे उंच करायचा आणि आशीर्वाद द्यायचा. ते हात वर गेले की बघणाऱ्याची मान आपोआप खाली जायची. बायका रडायच्या. आमचा मष्णू तर हमसून रडायचा.

माझा भाऊ मुळातच कुणाच्यातरी मागून चालणारा. लहानपणी माझ्या मागे, मग वडिलांच्या मागे, वडील गेल्यावर म्हशीच्या मागे. केदारी आल्यावर म्हशीचीही आबाळ झाली. मष्णूच्या अंगणात सभा भरू लागल्या, आणि रविवारी मास्तरापुढं म्हातारे आणि मी एवढेच उरलो. केदारीनं मला माझं नाव बदलायला सांगितलं. दुर्गा हे मूर्तिपूजकांचं नाव, तू तबीथा हो, म्हणाला. मी म्हटलं, आईनं ठेवलेलं नाव आहे, देवानं मला बोलावलं तेव्हा ह्याच नावानं बोलावलं, तो चुकला नाही. तेव्हापासून त्याचं माझं फाटलं.

ज्या वर्षी दिल्लीत बादशहाचा दरबार भरणार होता, त्या वर्षी पावसाळा सरता सरता गावात उंदीर मरून पडू लागले. पटकीला नवस करणारं आमचं गाव प्लेगाला मात्र ओळखून होतं. माझा नवरा मागच्या एका साथीत गेला होता. म्हणून निपाणीला सरकारी डॉक्टर सुई टोचायला आला हे कळताच मी तंबाखूच्या वखारीतलं काम टाकून गेले आणि दंडाला सुई टोचून आले. ताप आला. हात असा सुजला की दोन दिवस मला माझी वेणी घालता आली नाही. मष्णूच्या बायकोनं, चंपाबाईनं घातली. मी ओरडत होते आणि मष्णूची पोर मालू मला हसत होती. मालू तेव्हा सहा वर्षांची, दात पडलेले.

उंदीर पडले की गाव उठायचं आणि माळावर झोपड्या घालून राहायचं, ही आमच्याकडची रीतच झाली होती. पण आधी उठायची ती मरीआई. तिचा गाडा पुढं, मागून सगळं गाव, आणि एकदा देवी वेशीबाहेर गेली की गावात चूल पेटवायची नाही. पाटलाचा माणूस ओढ्यापाशी येऊन सांगून गेला की येत्या मंगळवारी देवी निघणार, तुमच्या लोकांनी हलगी घेऊन पुढं व्हायचं.

वस्ती गोळा झाली. आण्णाप्पा मास्तर पुढं आला. तपकिरीची डबी त्यानं मुठीत आवळली होती. त्यानं पाटलाच्या माणसाला सांगितलं की हलगी वाजणार नाही. तो माणूस शिव्या देत गेल्यावर मास्तर आमच्याकडं वळला आणि म्हणाला की देवीच्या मागून आपण जायचं नाही, पण घरात राहायचंही नाही. सोमवारीच निघू, ओढ्याच्या वाटेनं, मिशनच्या चिंचांखाली झोपड्या घालू. आणि सगळ्यांनी सुई टोचून घ्या. एवढं बोलून तो शिंकला.

मग केदारी उभा राहिला. तो म्हणाला, कुठल्याही वाटेनं जा, गाव देवीला भिऊन उठतंय आणि तुम्ही गावाबरोबर उठला म्हणजे तुम्हीही तिच्याच मागून गेलात. विश्वासणाऱ्याच्या घराला मरी शिवणार नाही, तसं देवाचं वचन आहे. घरात राहा. चुली पेटवा. सुई टोचून घेणं म्हणजे देवाला खोटं पाडणं. गाव माळावरून परत येईल तेव्हा तुम्ही आपापल्या उंबऱ्यावर जिवंत उभे असाल, आणि ज्यांनी तुम्हाला पायरी चढू दिली नाही ते तुमच्या पायाशी येऊन बाप्तिस्मा मागतील.

मष्णूच्या डोळ्यांत मी तेव्हा जे बघितलं ते मला समजलं होतं. वडिलांच्या पाठीवरचे वळ त्यानं बघितले होते. गाव एकदा तरी आपल्याकडं मान वर करून बघेल, ह्याची भूक मलाही होती. म्हणूनच माझा राग जास्त आहे. आमच्याकडं धन नव्हतं, जमीन नव्हती, वडिलांनी हलगी खाली ठेवली होती तेवढं एक होतं. केदारीनं तेच उचललं आणि आमच्या गळ्याला लावलं.

मास्तर नाकातल्या नाकात काहीतरी पुटपुटला. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. तो म्हणत होता की हेच वचन सैतानानं प्रभूला देवळाच्या शिखरावर नेऊन ऐकवलं होतं, उडी टाक, तुला काही होणार नाही म्हणून. आणि प्रभूनं उडी टाकली नाही. एवढी मोलाची गोष्ट, आणि हा गडी ती धोतराच्या सोग्याला सांगत होता. मला मास्तराचाही असा संताप आला की त्याला धरून हलवावं. मीच मोठ्यानं ते सगळ्यांना सांगितलं. केदारी हसला आणि म्हणाला की बाईमाणसानं शास्त्र सांगू नये.

सोमवारी निम्मी वस्ती मास्तराबरोबर चिंचांखाली गेली. मीही गेले. मष्णू राहिला, आणि त्याच्यासारखी आणखी काही घरं. मंगळवारी देवी हलगीशिवाय निघाली. त्यानंतर गावात धूर निघायचा तो फक्त आमच्या वस्तीतल्या त्या घरांतून.

मी रोज मष्णूच्या दारात जायचे. तुला राहायचं तर राहा, मालूला माझ्याकडं दे, एवढंच मागायचे. तो मला उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाही.

"आक्का, तुजा इस्वास सुईवर हाय," तो म्हणाला. "माजा देवावर हाय."

"असू दे की देवावर," मी म्हटलं. "त्यासाठी पोरगी कशाला गहाण ठेवतोस?"

त्यानं दार लावलं. चंपाबाई आतून ऐकत होती. ती बोलायची नाही. लग्न होऊन आल्यापासून त्या बाईनं नवऱ्यापुढं तोंड उघडलेलं मी बघितलं नव्हतं, आणि मला तिचाही राग यायचा.

रविवारी मी केदारीची सभा गाठायचीच असं ठरवलं. रिकाम्या गावातून जाताना एक कुत्रंसुद्धा दिसलं नाही. मष्णूच्या घरामागं चंपाबाई भांडी घासत होती. मला बघून उठली, इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली,

"वन्सं, सकाळी जात्यापाशी उंदीर पडला. ह्येनी चिमट्यानं उचलून मागं टाकला. कुनाला सांगू नगंस म्हनले."

मी विचारलं, मालू कुठं आहे. जात्यापाशीच खेळत होती, म्हणाली.

मी तशीच पुढच्या अंगणात गेले. केदारी नुकताच निपाणीहून आला होता. आमच्या लोकांना घरात राहायला सांगून तो स्वतः निपाणीत एका भक्ताच्या माडीवर राहत होता, आणि ह्याबद्दल कुणी त्याला एका शब्दानं विचारलं नव्हतं. मालू बापाच्या मांडीवर येऊन बसली होती. मी मागं उभी राहिले. कधी एकदा त्याचं आटपतंय आणि मी उंदराचं सगळ्यांसमोर काढते, असं मला झालं होतं. गाणी झाली. उपदेश झाला. सुई टोचून घेणाऱ्यांना त्या दिवशी त्यानं विशेष शिव्याशाप दिले. मग सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि केदारीनं आशीर्वादाला हात वर केला.

एकच. डावा.

उजवा हात त्यानं अंगाशी धरला होता, कोपर बरगडीला टेकवून. मी मान खाली घातली नव्हती, म्हणून मला दिसलं. दंड असा जपून का धरावा लागतो ते मला माहीत होतं. तो हात वर जात नाही. त्या हातानं वेणी घालता येत नाही.

मी माणसांतून वाट काढत पुढं गेले आणि त्याचा उजवा दंड सदऱ्यावरून धरला. जोरात धरला, खोटं कशाला सांगू. तो कळवळून खाली बसला. मी बाही वर सारली. दंड तांबडा, टरारून सुजलेला, आणि मधोमध सुईची खूण.

केदारी बाही खाली ओढत उभा राहिला. मला वाटलं, आता हा लाजेनं मरेल. तो लाजला नाही. त्याच खणखणीत आवाजात म्हणाला,

"मेंढपाळ जगायला हवा, बाई. मेंढपाळच गेला तर मेंढरांकडं कोण बघणार?"

"आमचा मेंढपाळ मेंढरांसाठी मेला," मी म्हटलं. "आजवर तूच शिकवत आलास की."

मी लोकांकडं वळले. मष्णूच्या घरात उंदीर पडलाय, सकाळी, जात्यापाशी, हे मी सगळ्यांना सांगितलं. ह्या माणसानं स्वतःचा जीव सुईनं राखलाय आणि तुमची पोरं उंदरांत बसवलीत, आता तरी उठा, म्हटलं. आणि कुणी उठलं नाही. ते मी कधी विसरणार नाही. त्यांनी डोळ्यांनी दंड बघितला होता. पण इतके दिवस ज्याच्यासमोर रडलो तो खोटा, असं म्हणायचं तर आपलं रडणंही खोटं म्हणावं लागतं, आणि ते कुणाला जमेना. एक म्हातारी तर म्हणाली की उपदेशकानं आमच्यासाठीच त्रास सोसला. मष्णू उठून माझ्या आणि केदारीच्या मधे उभा राहिला. माझा भाऊ, ज्याला मी कडेवर वाढवलं, त्यानं त्या माणसाला माझ्यापासून आडोसा दिला.

"आक्का, भाईर जा," तो म्हणाला.

तेव्हा चंपाबाई मागच्या दारानं आली. हाताला राख तशीच होती. तिनं खाली बसलेली मालू उचलली, काखेत मारली आणि चालू लागली. मष्णू म्हणाला की अंगणाबाहेर पाऊल टाकलंस तर परत ह्या घरात यायचं नाही. ती थांबली. तिनं केदारीकडं बघितलं नाही, त्याच्या दंडाकडं बघितलं.

"बरं," ती म्हणाली, आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी आणि मास्तर त्या दोघींना निपाणीला घेऊन गेलो. मालू डॉक्टरला बघून असं भोकाड पसरून बसली की तिला कुणी हात लावू शकेना. मास्तरानं स्वतः अजून सुई टोचून घेतली नव्हती. इतरांना सांगत होता आणि आज जातो, उद्या जातो करत होता. भीती वाटत होती, असं त्यानं मला वाटेत आपण होऊन सांगितलं. पण मालू रडायला लागल्यावर त्यानं बाही वर केली आणि डॉक्टरपुढं बसला. सुई टोचल्याबरोबर एवढ्या मोठ्यानं आई गं म्हणाला की रांगेतली माणसं हसली. मालूही हसली. आणि हसता हसता तिनं दंड पुढं केला.

बुधवारी निरोप आला की मष्णूला ताप भरलाय आणि जांघेत गाठ आलीय. त्याच्या शेजारची घरं तोवर रिकामी झाली होती. सभेत न उठलेले सगळे आता माळावर पळाले होते, कुणाच्या मागून जातोय हे न विचारता. केदारीकडं माणूस पाठवला तर तो निपाणीत नव्हता. मी बेळगावला जाऊन मष्णूसाठी प्रार्थना करतो, असं सांगून गेला होता. तिथल्या शहापुरात कुणा विणकराच्या घरी त्याच्या सभा सुरू झाल्या होत्या, ते नंतर कळलं.

चंपाबाईला मी येऊ दिलं नाही. तिनं मालूला धरून बसावं, असं सांगितलं. मी एकटीच निघाले, तर ओढ्यापाशी मास्तर मागून आला. चेहरा पांढराफटक. परत जा, म्हटलं. तो मागून येतच राहिला.

मष्णू जात्यापाशी पडला होता. डोळे लाल, जीभ जड. मी त्याला पाणी पाजलं आणि पाजता पाजता त्याला शिव्या दिल्या, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं. मालू कशी आहे, त्यानं विचारलं. बरी आहे, सुई टोचलीय, मी म्हटलं. त्यानं डोळे मिटले. तोंडावर राग नव्हता. मग म्हणाला,

"उपदेशक आलं का?"

मला खोटं बोलता आलं असतं. मरणाऱ्याला काय, आलेत म्हटलं असतं तर भागलं असतं. पण त्या माणसाच्या नावावर मी एवढंसुद्धा जमा करणार नव्हते.

"न्हाय रं," मी म्हटलं. "मास्तर आल्यात."

मष्णूनं डोळे उघडले आणि दाराकडं बघितलं. मास्तर उंबऱ्यात उभा होता. मष्णूचे ओठ हलले. आशीर्वाद द्या, असं तो म्हणाला असावा. मास्तर आत आला, त्याच्या अंथरुणाशी, अगदी जवळ. तपकिरीची डबी त्यानं खिशात टाकली. आणि त्यानं हात वर केले.

दोन्ही. सोमवारी टोचलेला दंड बाहीत मावत नव्हता. हात खांद्याच्या वर जाताना त्याच्या तोंडातून आवाज निघाला, डोळ्यांत पाणी आलं, पण त्यानं तो हात थांबवला नाही. कौलापर्यंत काही गेला नाही. डोक्याच्या थोडा वर गेला आणि तिथं थरथरत राहिला. आशीर्वादाचे शब्द तो नाकातच म्हणाला, अर्धे मला कळले नाहीत. शब्द संपेपर्यंत हात खाली आले नाहीत.

मष्णू त्या सुजलेल्या हाताकडं बघत होता. इतके दिवस आशीर्वादाच्या वेळी मान खाली घालणारा माझा भाऊ पहिल्यांदाच वर बघत होता.